लहानपणी गेलेला भाऊ आणि स्वतःला पुरण्याची इच्छा

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही ते एकात एक गुंतवून विचारलेत. म्हणून आधी थोडक्यात सांगतो. हिंदू माणसाला पुरू नये असा कायदा नाही. पण वडोदऱ्यात तुमच्यासारख्या देशस्थ घरातल्या बाईला पुरण्यासाठी जागा मिळणं फार अवघड आहे, आणि भावाच्या शेजारी तर अशक्यच. मातीतच जायचं असेल तर त्याला दुसरा रस्ता आहे. तो शास्त्राला धरून आहे आणि तुमच्या मुलांना झेपेल असाही आहे. भावासाठी जे करायचं ते मात्र स्वतःच्या मरणावर टाकू नका. ते यंदाच करा.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचा प्रश्न इथे मांडतो. तुमचं वय एकाहत्तर, लहानपण दांडिया बाजारातल्या वाड्यात गेलं. तुम्ही सात वर्षांच्या असताना दीड वर्षाचा भाऊ घटसर्पाने गेला. वडील आणि शेजारचे एक काका त्याला कपड्यात गुंडाळून हातावर घेऊन गेले आणि थोड्या वेळाने रिकाम्या हातांनी परत आले. कुठे पुरलं, तर ‘विश्वामित्रीकडे’, म्हणजे नदीकडे, यापलीकडे कुणी काही सांगितलं नाही. त्याचा फोटो नाही. दिवस केले नाहीत, श्राद्ध नाही, पुढे घरात त्याचं नावही निघालं नाही. आता आईवडील नाहीत, ते काकाही नाहीत, आणि त्याला डोळ्यांनी पाहिलेलं माणूस तुम्ही एकट्याच उरलात. म्हणून तुम्हाला वाटतं की आपल्यालाही जाळू नये, त्याच्यासारखं मातीत ठेवावं, जमलं तर त्याच बाजूला. थोरला मुलगा म्हणतो लोक काय म्हणतील. धाकटा विषय बदलतो.

मी या शहरात अंत्येष्टी आणि श्राद्धकर्मं सांगतो, वडीलही तेच करायचे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1915 साली पुरोहितांचा कायदाच झाला होता, परीक्षा दिल्याशिवाय पौरोहित्य करायचं नाही असा. आमच्या आजोबांनी ती परीक्षा दिलेली. घरात त्याची शिस्त अशी उरली की यजमानाने ‘हे कशासाठी?’ विचारलं तर उत्तर द्यायचं, ‘पद्धत आहे’ म्हणून सुटायचं नाही. तेव्हा जरा लांबण लागली तर चालवून घ्या.

तुमच्या पत्रात तीनदा एकच वाक्य आलं आहे: ‘त्याचं काहीच केलं नाही.’ तिथूनच सुरुवात करू.

दोन वर्षं पुरी न झालेल्या मुलाला पुरावं, त्याला उदक, म्हणजे तर्पणाचं पाणी, देऊ नये, असं याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तेच सांगितलंय आणि वर दोन गोष्टी जास्त आहेत: मुलाला सजवून, गावाबाहेर स्वच्छ जागी ठेवावं, त्याच्या अस्थी गोळा करू नयेत. म्हणजे तुमच्या वडिलांनी जे केलं ते पुरं विधिवत होतं. टाळलेलं किंवा उरकलेलं नव्हतं. तुम्ही लिहिता की आईने त्याला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, ठेवणीतलं झबलं घातलं, हातापायातले वाळेही काढू दिले नाहीत, आणि ते पाहून तुम्हाला तेव्हा आईची भीती वाटली होती. ताई, तोच त्याचा विधी होता. सजवणं हे त्या संस्काराचं अंग आहे आणि ते तुमच्या आईने स्वतःच्या हातांनी केलं. मंत्र नाहीत, भटजी नाही, तिरडी नाही, म्हणून लहान मुलांना ते ‘काहीच नाही’ असं दिसतं.

दहावं, बारावं, तेरावं यांमागची कल्पना अशी की मोठं माणूस गेलं की त्याच्या जिवाला पुढच्या वाटेसाठी देह लागतो. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी तो एकेक अवयव करून तयार होतो आणि बाराव्या दिवशी सपिंडीकरणात तो जीव पितरांत मिसळतो. दीड वर्षाच्या मुलाचं काय अडकलंय इथे? त्याच्यावर ना देवाचं ऋण, ना पितरांचं. तो प्रेत म्हणून मागे राहतो असं शास्त्र मानतच नाही, म्हणून त्याला सोडवायचा विधीही नाही. हे मानायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. पण तुमच्या भावाला कमी लेखून विधी टाळले गेले नाहीत, एवढं तरी यातून नक्की होतं.

आता माझं मत. शास्त्राने त्या मुलाची सोय केली, पण घरात मागे राहिलेल्या सात वर्षांच्या बहिणीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आजही फारसा फरक नाही. बेसण्याला, म्हणजे इकडे सांत्वनाला जमतात तिथे, गेलं की लोक आईवडिलांना भेटतात, बायकोला भेटतात. भाऊबहीण मागे खुर्च्या लावत असतात. त्यांना कुणी भेटलंच तर ‘आता आईला जपायचं हं’ असं काम सोपवून जातात. वर्षानुवर्षं मला एक गोष्ट दिसत आली आहे. आईचं दहावं किंवा वर्षश्राद्ध चालू असतं, आणि सत्तरीला टेकलेला एखादा माणूस मधेच खालच्या आवाजात विचारतो, ‘गुरुजी, आमचा एक भाऊ लहानपणी गेला होता, त्याचं नाव घेता येईल का?’ आई असेपर्यंत हा प्रश्न कधी येत नाही. तिच्यासमोर तो विचारायचा नाही हे पोरांना न सांगता कळलेलं असतं. तुम्हाला हे सगळं आत्ता, या वयात का आठवावं असं तुम्ही विचारलंत. मला तरी यात नवल वाटत नाही.

तर नाव घेता येतं का? कडक शास्त्री नाही म्हणेल. उदक देऊ नये असं वचन आहेच, ते मी वरच सांगितलं. पण भाद्रपदातल्या महालयाच्या तर्पणाची यादी बघा. वडील-आजोबा-पणजोबा, आई-आजी-पणजी, आजोळची माणसं झाली की काका, मामा, आत्या, मावशी, सासरे, गुरू, शिष्य यांच्याबरोबर भाऊ आणि बहीणही येतात, एकेकाचं नाव घेऊन. श्राद्धात पुढे एक जागा अशी आहे की जमिनीवर अन्न विखरून ठेवतात आणि म्हणतात, माझ्या कुळातले जे जीव अग्नीने जळले आणि जे जळले नाहीत ते सगळे या भूमीवर दिलेल्याने तृप्त होवोत. ज्याला अग्नी मिळाला नाही असाही जीव आपल्या कुळात असतो, हे त्या वचनाने धरलेलंच आहे. म्हणून कुणी विचारलं की मी त्या विकिराच्या, म्हणजे अन्न विखरण्याच्या, वेळी मुलाचं नाव घ्यायला सांगतो. माझ्या वडिलांना हे पटलं नसतं. मला पटतं, आणि मी ते सांगतो.

तुम्ही हे कसं कराल? भाद्रपदातली सर्वपित्री अमावस्या धरा. त्याची तिथी तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तोच दिवस सोयीचा. घरी तांब्याचं ताम्हन, काळे तीळ, पाणी, दर्भ पुरे. एक गोष्ट लक्षात ठेवा: लग्नाने तुमचं गोत्र बदललं, पण त्याच्यासाठी माहेरचं गोत्र उच्चारायचं. त्याचं नाव तुम्ही पत्रात लिहिलंय. बारसं झालेलं मूल आहे, म्हणजे नाव आहे, आणि संकल्पाला तेवढं लागतं. बाईने करावं का, असं तुमच्या जाऊबाई विचारतील. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने बायकांना पौरोहित्य शिकवून बराच काळ झाला. वडोदऱ्यातही मुली बापाला अग्नी देतात आणि मी मंत्र सांगतो. बहिणीने भावाला तीळपाणी द्यायला माझी काही हरकत नाही. ज्यांची असेल त्यांनी त्या दिवशी दुसरीकडे जेवायला जावं.

चांदोदला जायची तुमची इच्छा आहे, जरूर जा. नर्मदा, ओरसंग आणि गुप्त सरस्वती यांचा संगम, आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं श्राद्धाचं ठिकाण. पण भाद्रपदात जाताना आधी फोन करून विचारा. वर सरदार सरोवर आहे. धरणाचे दरवाजे उघडले की मल्हारराव घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावाडी संगमावर नेत नाहीत. तुमच्या गुडघ्यांचा विचार केला तर कार्तिकात जाणं बरं. तेव्हा श्राद्धाचा मुहूर्त नाही म्हणून काही बिघडत नाही; नदीत उभं राहून नाव घेतलं, ओंजळ सोडली, झालं.

कार्तिकावरून आठवलं. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. तुम्हाला धाकटा भाऊ होता, म्हणून तुम्ही ते कधी केलं नाही. आणि तो गेला म्हणून दुसऱ्या कुणाला ओवाळलंही नाही. चौसष्ट वर्षं भाऊबीज कोरडी गेली असं लिहिलंत. या वर्षी गच्चीत जा आणि चंद्राला ओवाळा. त्या दिवसाचं पंचांगातलं नाव यमद्वितीया आहे. यम आपल्या बहिणीकडे, यमुनेकडे, जेवायला गेला तो दिवस. गेलेल्या भावाचं नाव घ्यायला याहून योग्य दिवस मला तरी माहीत नाही. नातवंडं विचारतील काय चाललंय म्हणून. सांगा त्यांना. तुमच्यानंतर त्याचं नाव ठाऊक असलेलं एखादं माणूस असावं असं तुम्हाला वाटतं ना, मग ते असं होतं.

त्याची आणखी काही खूण सापडते का हेही बघा. दोन जागा सांगतो. पहिली म्हणजे कॉर्पोरेशनचं जन्म-मरण नोंदणीचं दफ्तर. जुन्या नोंदवह्यांत शोध घेण्याचा आणि उतारा मागण्याचा अधिकार 1969 च्या कायद्याने कोणालाही आहे, थोडी फी पडते. मृत्यूच्या उताऱ्यात मरणाचं कारण देत नाहीत, ते कायद्यानेच वगळलेलं आहे, त्यामुळे तिथे ‘घटसर्प’ वाचायला मिळेल अशी आशा धरू नका. आणि नोंदीत त्याच्या नावाऐवजी वडिलांचं नाव आणि पुढे ‘मुलगा’ एवढंच असू शकतं. म्हणून वडिलांच्या नावाने आणि वाड्याच्या पत्त्याने शोधा, अंदाजे 1960 ते 1962 अशी तीन वर्षं सांगा. जन्माची नोंद मृत्यूच्या नोंदीपेक्षा लवकर सापडते असा माझा अनुभव आहे, कारण जन्म घरचे हौसेने नोंदवायचे.

दुसरी जागा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुमचे वडील किंवा आजोबा कधी तिथे गेले असतील तर त्यांनी कुळाची नावं लिहून दिली असणार. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे उपाध्ये कोण ते तिथे कळतं. भाऊ जिवंत असतानाच्या त्या दीड वर्षात कुणी गेलं असेल तर वडिलांच्या हस्ताक्षरात त्याचं नाव मिळू शकेल. फोटो नसलेल्या माणसाचं एवढं जरी हाती लागलं तरी पुष्कळ झालं. राजघराण्याच्या स्मृतीसाठी विश्वामित्रीकाठी कीर्तिमंदिर उभं आहे, आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. आपल्यासारख्यांचं नाव टिकतं ते असल्या वहीच्या एखाद्या ओळीत.

जागा मात्र शोधत फिरू नका. हे जरा कठोर वाटेल, पण तुम्ही या वयात नदीकाठी हिंडू नये म्हणून स्पष्ट लिहितो. त्या काळी लहान मुलांसाठी खड्डा खणायचे, मीठ घालायचे, माती लोटून वर दगड आणि बाभळीचे काटे ठेवायचे, जनावरांनी उकरू नये म्हणून. खूण ठेवायची पद्धत नव्हती, उलट ठेवू नये असाच कल असे. दीड वर्षाच्या मुलाची हाडं कोवळी असतात, साठ वर्षांत त्यांची मातीच होते. जागाही फिरून फिरून वापरली जाते. त्यात विश्वामित्रीचे पूर, 2019 चा आणि 2024 चा तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. काठ तोच राहिलेला नाही. एखादी जागा हीच म्हणून दाखवणारा कुणी भेटला आणि पैसे मागू लागला तर तिथून उठून या.

एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. मी वडिलांबरोबर जायला लागलो तेव्हा हातावरून आणलेली मुलं स्मशानात नेहमीच दिसत. घटसर्पाची, डांग्या खोकल्याची, धनुर्वाताची. त्रिगुणी लस देशभरच्या कार्यक्रमात 1978 साली आली. आता एखादं मूल आलंच तर बहुधा जन्मतःच्या दोषाने गेलेलं असतं आणि स्मशानातले कर्मचारीसुद्धा त्या दिवशी गप्प असतात. तुमचे आईवडील ‘वेळेवर नेलं असतं तर’ म्हणून स्वतःला खात राहिले असं तुम्ही लिहिलंत. लस नव्हती हो घरोघरी पोचलेली. तुमच्या आईला आता कोण सांगणार, पण तुम्ही तरी ते मनातून काढा.

आता तुमच्या स्वतःच्या इच्छेकडे येऊ.

आपल्यात पुरणारे समाज आहेत. लिंगायत आहेत, नाथपंथी आहेत, दशनामी गोसावी आहेत, गुजरातेतही त्यांची वस्ती बरीच. बसवून समाधी देतात. पण ती जमीन त्या त्या समाजाची असते आणि बाहेरच्याला तिथे घेत नाहीत. घ्यावं असा आग्रहही आपण धरू नये, त्यांनाच जागा पुरत नाही. शहरात परवानगी नसलेल्या जमिनीत, मग ती आपल्या मालकीची का असेना, देह पुरता येत नाही. गावाकडच्या शेतात पुरायचं म्हटलं तरी पंचायत, तलाठी आणि शेजारचे शेतकरी, तिघांना तोंड द्यावं लागतं, आणि ते सगळं तुमच्या मुलांनी घरात देह ठेवून करायचं. पुढे शेत विकायची वेळ आली की त्या जागेचं काय, हा वेगळाच प्रश्न. हे सगळं करूनही तुम्ही भावाजवळ पोचणार नाहीच. एवढा खटाटोप कशासाठी?

तुम्हाला मातीत जायचंय, तर अस्थी मातीत ठेवायला सांगा. हे नव्याचं फॅड नाही. तुम्ही ऋग्वेदी आहात. तुमच्या आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थी वेचून कुंभात घालायला आणि तो कुंभ खड्ड्यात ठेवून माती लोटायला सांगितलंय. नदीत सोडण्याची चाल पुढे सार्वत्रिक झाली, इतकी की मूळ सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयाने बघतात. त्या वेळी म्हणायच्या ऋचा ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तातल्या आहेत. त्यात भूमीला विनवलंय की आई जशी आपल्या पदराने मुलाला पांघरते तसं याला झाक. तुमच्या भावाला ती ऋचा कुणी म्हटली नसेल. तुमच्यासाठी म्हणायला सांगा, अन्‌ म्हणताना त्याचंही नाव घ्यायला सांगा. तुम्ही म्हणता ते ‘एकत्र असणं’ माझ्या मते याहून जास्त जमवता येत नाही, आणि एवढं नक्की जमतं.

व्यवहाराच्या गोष्टी. लाकडाच्या चितेला तीनशे ते चारशे किलो लाकूड लागतं आणि अस्थी तिसऱ्या दिवशी वेचतात. गॅसच्या दाहिनीत दीड-दोन तासांत होतं आणि अस्थी त्याच दिवशी मिळतात. मला विचाराल तर गॅस बरा, लाकडाची राख मिसळत नाही आणि मुलांना उन्हातान्हात थांबावं लागत नाही. मोठ्या माणसाच्या अस्थी दोन-तीन किलो भरतात. त्यातल्या थोड्या मातीत आणि बाकीच्या चांदोदला नर्मदेत, अशी वाटणी केली की घरातली सगळी माणसं समाधानी राहतात. थोरल्याचं ‘लोक काय म्हणतील’ तिथेच मिटेल, कारण लोकांना चांदोद दिसतं. झाड लावायचं असेल तर अस्थी मुळांशी ढीग करून घालू नयेत. त्यात क्षार फार असतात, रोप जळतं. भरपूर मातीत मिसळून, थोड्या बाजूला घालाव्यात. आणि जागा अशी निवडा की जी विकली जाणार नाही. फ्लॅटच्या सोसायटीची बाग नको. पुढच्या कमिटीने तिथे पार्किंग केलं की मुलांच्या जिवाला लागतं. धाकट्याच्या घराला अंगण आहे म्हणता, पण तो ते घर ठेवणार आहे का, हे आधी विचारा.

देहदानाचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, मीही थोडक्यात सांगतो. मेडिकल कॉलेजचा शरीररचना विभाग फॉर्म देतो, त्यावर जवळच्या नातलगाची सही लागते. फॉर्म भरलेला असला तरी ऐन वेळी नातलगांनी नको म्हटलं तर देह नेत नाहीत. पोस्टमॉर्टेम झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तरी घेत नाहीत, म्हणून दुसरी सोय लिहून ठेवावीच लागते. देहदान केलं तर मातीचा विषय संपला, कारण तुमच्या हाती अस्थी येणार नाहीत. नेत्रदान मात्र कशाच्याही आड येत नाही. सहा तासांच्या आत करायचं, पापण्या मिटवून ठेवायच्या, डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा.

आता कागद. अंत्यविधीची इच्छा मृत्युपत्रात घालून निर्धास्त होणारे पुष्कळ भेटतात. मृत्युपत्र उघडतात तेराव्यानंतर, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. शिवाय देह ही मालमत्ता नाही, त्यामुळे त्या ओळीला जमिनीच्या किंवा दागिन्यांच्या ओळीसारखं बळ नसतं. बाकीचं तुमच्या वकिलाला विचारा. मी रोज पाहतो ते असं की पहिल्या दोन तासांत जो माणूस फोन हातात घेऊन उभा राहतो तोच सगळं ठरवतो. बहुतेक वेळा तो मुलगा नसतो. मुलगा सुन्न बसलेला असतो. ठरवतो शेजारी, साडू, नाहीतर सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणून एक पानी वेगळा कागद करा, सही-तारीख घाला, दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या घ्या, आणि त्याच्या प्रती दोन्ही मुलांकडे, सुनेकडे आणि शेजारच्यांकडे द्या. कपाटात कुलपात ठेवू नका. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला तरी चालेल, हसतील दोन दिवस. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते आणि घरी मृत्यू झाला तर डॉक्टरचा दाखला लागतो. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरचं नाव आणि नंबर त्याच कागदावर असू द्या.

कागदावर ‘हे कराच’ असं फक्त एक लिहा. तुमच्या बाबतीत ते अस्थींचं. बाकी सगळं, लाकूड की गॅस, दहा दिवस की तीन, बेसणं ठेवायचं की नाही, तेराव्याला काय वाढायचं, यापुढे ‘तुम्हाला सोयीचं वाटेल तसं’ असं लिहा. एक वेगळी इच्छा मुलं जिवापाड पाळतात. सात-आठ लिहिल्या तर काहीतरी राहतं, आणि राहिलेल्याचा सल त्यांना तुमच्या श्राद्धाच्या दिवशी दरवर्षी टोचतो. असे लोक माझ्याकडे येतात, प्रायश्चित्त विचारतात. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नसतं.

धाकटा विषय बदलतो म्हणून तुम्हाला राग आला. त्याला आधी कागद दाखवू नका. आधी भावाची गोष्ट सांगा, वाळ्यांची, झबल्याची, वडील रिकाम्या हातांनी परत आले त्याची. तुमच्या पत्रावरून मला अशी शंका आहे की मुलांना आपला एक मामा होता एवढंच ठाऊक आहे, त्यापुढचं तुम्ही कधी बोललाच नाहीत. ते ऐकल्यावर मातीचं त्यांना फारसं समजावून सांगावं लागणार नाही. थोरल्याशी बोलताना मी हजर असावं असं वाटलं तर बोलवा, चहाला येतो, दक्षिणा नको.

आणि कागद मराठीतच लिहा, तुमच्या मनातलं त्यातच येईल. फक्त वरच्या चार ओळी, म्हणजे तुमचं नाव, मुलांचे नंबर, नेत्रदान करायचंय आणि अस्थी घरी न्यायच्या आहेत एवढं, गुजरातीत घ्या. दवाखान्यात आणि स्मशानात तो कागद ज्यांच्या हातात पडेल त्यांना मराठी वाचता येईलच असं नाही, आणि ऐन वेळी भाषांतर करून सांगायला तिथे कुणी शुद्धीवर नसतं.